मदत हवी आहे : थकलेल्या पैशांसाठी दुकानदाराला पत्र कसं लिहू?

नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. आमच्या बचत गटात आम्ही अकरा जणी. उन्हाळ्यात ज्वारीचे पापड, कुरडया, मुगवड्या करतो. नागपूरच्या एका दुकानदाराला मार्चमध्ये १८,४०० रुपयांचा माल दिला. ५,००० आले, १३,४०० अडकले. फोन केला की "ताई, सोमवारी टाकतो". किती सोमवार गेले, बाई!

गटाची सचिव मी, कारण बारावी झालेली मी एकटीच. पण मला पत्राची एकच तऱ्हा येते, ग्रामपंचायतीत अर्ज देता देता शिकलेली. काल लिहायला बसली तर हे उतरलं :

"महोदय, सविनय विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, आम्ही गरीब महिला असून आपण आमचे पैसे देण्याची मेहेरबानी करावी. आपली आज्ञाधारक..."

अध्यक्ष काकू म्हणाल्या, "वो माय, पैसे आपले अन् मेहेरबानी त्याची काऊन?" फाडलं. दुसऱ्यांदा लिहिलं तर पार पोलिसापर्यंत गेली. तेही फाडलं, कारण पुढच्या उन्हाळ्यात माल त्यालाच द्यायचा आहे.

बिल (क्र. १७) आहे, १४ मार्चला माल मिळाल्याची सही आहे. मागच्या वर्षी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केली, तिचा इथं काही उपयोग?

प्रतिसाद १
ताई, मी वर्ध्याला हिशेबाचं काम करतो, अशी पत्रं रोजचीच. "गरीब" काढा, "पोलीस"ही काढा. असं लिहून पाहा :

"विषय : बिल क्र. १७, बाकी रु. १३,४००.
वरील बिलाचा माल आपल्याला १४ मार्चला मिळाला. पोचेची प्रत सोबत आहे. त्यापैकी रु. ५,००० जमा झाले. उरलेली रक्कम येत्या ____ तारखेपर्यंत गटाच्या खात्यात जमा करावी. बिलाबद्दल काही हरकत असल्यास तोवर लेखी कळवावे."

शेवटची ओळ गाळू नका. पुढे तो "माल खराब होता" म्हणाला, तर तेव्हा का नाही कळवलं, हे विचारता येतं.

उद्यमचं म्हणाल तर नोंदणी माल देण्याआधीची आहे, म्हणजे तुमची बाजू भक्कम. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार नसेल तर माल घेतल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. पण पहिल्याच पत्रात हे काढू नका. सहीखाली नुसता उद्यम क्रमांक टाका, व्यापारी माणूस समजतो. नाहीच दिले तर दुसऱ्या पत्रात कायदा, मग छोट्या उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार.

प्रतिसाद २
व्हॉट्सॲपवर फोटो टाका, पण कागद स्पीड पोस्टनंच धाडा. पोस्टाची पावती पत्राच्या दुसऱ्या प्रतीला टाचून गटाच्या फाईलीत. अन् "आज्ञाधारक" कशाला? "आपली विश्वासू" लिहा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार, भाऊ. पोळ्याच्या बाजाराला बायकांना पैसे लागतात, म्हणून त्याच्या चार दिवस आधीची तारीख टाकली. काकूंना वाचून दाखवलं तर म्हणतात, "एवढंसंच?" म्हटलं, बिल जोडलं ना सोबत.