केन्सेटचं 'ईटन्स नेक': शांत की अर्धवट?

चिकित्सक: अमेरिकन निसर्गचित्रकार जॉन केन्सेटचं लाँग आयलंडच्या किनाऱ्याचं १८७२चं हे चित्र पुन्हा पाहिलं. वाळू, पाणी, आभाळ, संपलं. केन्सेट त्याच डिसेंबरात गेला, काम राहून गेलं. त्याला 'शांततेचा कळस' म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

खारा_वारा: तुमच्या या 'संपलं'नेच डोकं फिरलं. केन्सेट मूळचा छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर चित्रं कोरणारा माणूस. आधीच्या डोंगरांच्या चित्रांत खडकाची भेग न् भेग दाखवतो. त्याला तपशील जमत नव्हते असं नाही, त्याने ते गाळले. १८ इंच उंच आणि ३६ इंच लांब कॅनव्हास, डावीकडे वळत गेलेला किनारा, त्यावर झुडपांचा गडद पट्टा, बाकी सगळा उजेड. यात एक होडी घालून बघा, नजर तिथेच अडकेल.

चिकित्सक: त्या शेवटच्या उन्हाळ्यातली काही चित्रं अपुरी आहेत, हे जाणकारही मानतात. भावाने ती १८७४मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिली. केन्सेट स्वतः त्या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी. घरच्याच माणसाची चित्रं, नाही कशी म्हणतील?

मालवणची_लेक: होडीवरून आठवलं. शाळेतल्या चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेच्या तयारीला मी नुसता समुद्र काढला होता. सर म्हणाले, "माड कुठेय? होडी कुठेय? मार्क कोण देणार?" हातातला ब्रश घेऊन माड घातला त्यांनी!

ए_ग्रेड: सरांचं काय चुकलं? ग्रेडचे मार्क दहावीला मिळतात. तेव्हा कोरं आभाळ परवडत नाही.

मालवणची_लेक: म्हणूनच वर्गात चाळीस माड, सगळे उजवीकडे वाकलेले!

ए_ग्रेड: आमच्या त्या माडांनी निदान हात तरी बसला. तुमच्यासारखे नुसते 'भाव' घेऊन बसलो नाही.

मालवणची_लेक: हात बसला की बुद्धी बसली?

खारा_वारा: अहो, भांडा, पण मुद्दा हाच आहे! रिकामी जागा दिसली की आपला हात शिवशिवतो. चिकित्सकांचाही.

चिकित्सक: मला माडवाल्यांत ढकलू नका. बरं, 'काही अपुरी' म्हणजे हेच अपुरं, असं सिद्ध होत नाही. घ्या, तेवढं तुमचं. उजवीकडचं पाणी मला अजून कंटाळवाणंच वाटतं. आणि इंटरमिजिएटवाल्यांनो, वेगळा धागा काढा.

ए_ग्रेड: काढतो. तिथे माड असेल.