लेट नाइटचा ‘होस्ट’ : सूत्रसंचालक, यजमान की आणखी काही?

प्रश्न :
अमेरिकेत ‘लेट नाइट’ म्हणजे रात्री उशिराचा विनोद आणि गप्पांचा टीव्ही कार्यक्रम करणाऱ्या डेव्हिड लेटरमनवर मराठीत लेख लिहिते आहे आणि तीन शब्दांपाशी अडले आहे. ‘होस्ट’ला सूत्रसंचालक लिहिलं तर चालेल का? सुरुवातीला होस्ट एकटा उभा राहून विनोद सांगतो, त्या ‘मोनोलॉग’ला स्वगत म्हणावं का? आणि मथळ्यात ‘कारकीर्द’ हवं की ‘वाटचाल’?

उत्तर :
ताई, सूत्रसंचालक नको. आपल्याकडे सूत्रसंचालक म्हणजे दुसऱ्याने आखलेला कार्यक्रम पुढे नेणारा. पाहुण्यांची ओळख करून द्यायची, पुढचा क्रम सांगायचा, शेवटी आभारप्रदर्शनासाठी कुणाला तरी बोलवायचं. ऐनवेळी दुसरा माणूस उभा केला तरी कार्यक्रम तोच राहतो. लेट नाइटचं असं नाही. लेटरमनने 1993 मध्ये एनबीसी ही वाहिनी सोडली आणि तिथला त्याचा ‘लेट नाइट’ हा कार्यक्रम कोनन ओब्रायनकडे गेला. नाव तेच, वेळ तीच, पण कार्यक्रम दुसराच झाला.

त्याच वेळी एनबीसीने दावा केला की कार्यक्रमातल्या लोकप्रिय गोष्टी आमच्या मालकीच्या आहेत. म्हणून सीबीएस या दुसऱ्या वाहिनीवर ‘लेट शो’ सुरू केल्यावर ‘टॉप टेन’ या विनोदी यादीचं नाव बदलून ‘लेट शो टॉप टेन’ करावं लागलं. लॅरी ‘बड’ मेलमन या नावाने येणारा वयस्क नट तिकडे कॅल्व्हर्ट डीफॉरेस्ट या स्वतःच्या खऱ्या नावाने येऊ लागला. आता सांगा, कुठल्या सूत्रसंचालकाच्या बाबतीत असा वाद होईल? तो तर कागदावरचं वाचतो.

कारकीर्द की वाटचाल, याचं उत्तर मला त्याच्या आयुष्यातच दिसतं. ‘पेशव्यांच्या कारकिर्दीत’ म्हणताना त्या शब्दात सत्ता हातात असल्याचा अर्थ असतो. त्या अर्थाने लेटरमनची कारकीर्द 1 फेब्रुवारी 1982 ते 20 मे 2015, म्हणजे 33 वर्षांची. त्याआधीची ती वाटचाल. इंडियानापोलिसच्या स्थानिक वाहिनीवर तो हवामानाच्या बातम्या द्यायचा. एका वादळाला हरिकेनचा दर्जा मिळाला तेव्हा त्याने बढतीबद्दल वादळाचं अभिनंदन केलं होतं. 1975 मध्ये तो लॉस एंजेलिसला आला, ‘कॉमेडी स्टोअर’मध्ये स्टँडअप करू लागला आणि 1978 मध्ये एनबीसीवरच्या जॉनी कार्सनच्या रात्रीच्या ‘टुनाइट शो’वर पोचला. 1980 मध्ये सकाळचा कार्यक्रम मिळाला, तो काही महिन्यांत बंद पडला. पण पुढच्या लेट नाइटची धाटणी त्यातच घडत होती. मेरिल मार्को ही लेखिका त्या दिवसांपासून त्याच्यासोबत होती. पाळीव प्राण्यांच्या करामतींचा प्रसिद्ध भाग तिचाच. लेखात तिचं नाव जरूर घ्या, मराठीत लिहिताना ते नेहमी राहून जातं.

दुसरं मत :
मला ‘यजमान’ चालेल असं वाटतं. टेबल, शेजारी पाहुण्याची खुर्ची, पाहुणे येतात, बसतात, बोलतात. घरच आहे ते. आणि मोनोलॉगसाठी आपल्याकडे ‘बतावणी’ आहे की! गण, गौळण झाली की सोंगाड्या येतो आणि ताज्या घडामोडींवरून टपल्या मारतो. मग वग सुरू होतो. इथेही आधी विनोद, मग पाहुणे.

उत्तर :
यजमान या शब्दाची अडचण दादा तुम्हालाही ठाऊक आहे. मराठी वाचक तो पूजेला बसलेला माणूस म्हणून वाचेल, नाहीतर कुणाचे तरी ‘आमचे हे’ म्हणून. शिवाय यजमानाने पाहुण्याचा मान राखायचा असतो. लेटरमन मख्ख चेहऱ्याने पाहुण्याला अडचणीत टाकायचा. पाहुणा प्रसिद्धीसाठी आला आहे हे तो लपवत नसे, आणि नव्या पिढीला तो आवडला तो यामुळेच.

बतावणी मला मनापासून आवडली. पण ती दोघातिघांच्या सवालजबाबावर चालते आणि इथे उभा असतो एकटाच. बँडवाल्या पॉल शेफरशी त्याची मधूनमधून जी शब्दांची देवाणघेवाण चालायची, तिला मात्र बतावणी म्हणा, शोभेल.

स्वगत तर अजिबात नको. नाटकात स्वगत हे शेजारच्या पात्राला ऐकू जात नाही असं आपण मानतो. मोनोलॉग तर समोरच्या प्रेक्षकांना उद्देशूनच असतो. ‘एकपात्री’ म्हणजे अख्खा प्रयोग. ‘मनोगत’ म्हणायचं तर ते स्वतःच्या मनातलं हवं, आणि मोनोलॉग लिहिणारे बरेचदा दुसरेच असतात. याचं सर्वांत सुंदर उदाहरण 31 जानेवारी 2005 चं. कार्सन आठवडाभरापूर्वी गेला होता. लेटरमन नेहमीसारखा उभा राहिला, विनोद सांगितले, लोक हसले. मग खुर्चीत बसल्यावर त्याने सांगितलं, हे सगळे विनोद कार्सनने लिहिलेले होते. निवृत्त झाल्यावरही कार्सन त्याला विनोद पाठवत असे. 30 वर्षं ‘टुनाइट शो’ चालवलेल्या माणसाने, आपल्यानंतर ज्याला तो शो मिळाला नाही त्या लेटरमनसाठी घरी बसून विनोद लिहावेत, याने मी आजही हेलावतो.

म्हणून मोनोलॉग हाच शब्द ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘सुरुवातीचे विनोद’ असं सरळ लिहा.

फक्त 17 सप्टेंबर 2001 चा प्रसंग घेणार असाल, तर तिथे ‘मनोगत’च लिहा. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतरचा त्याचा तो पहिला कार्यक्रम. त्या रात्री उभं राहून विनोद झाले नाहीत. तो टेबलापाशी बसूनच बोलू लागला, शहराबद्दल, अग्निशामक दलाबद्दल, धैर्याबद्दल. वाक्यं अडखळत होती, कारण ती त्याची स्वतःची होती.

प्रश्नकर्ती :
फार मदत झाली. मग सुरुवात अशी करते : ‘हवामानाच्या बातम्यांपासून वाटचाल सुरू करणारा विनोदवीर डेव्हिड लेटरमन 1982 मध्ये स्वतःच्या लेट नाइट शोचा होस्ट झाला आणि 33 वर्षांच्या कारकिर्दीनंतर 2015 मध्ये त्याने निवृत्ती पत्करली.’ होस्ट तसंच ठेवलं आहे.

उत्तर :
होस्ट ठेवलंत ते उत्तम. सगळे तेच म्हणतात आणि नेमका अर्थ पोचतो. एकच बदल करा. ‘पत्करली’ म्हटलं की नाइलाज ध्वनित होतो. त्याने एप्रिल 2014 मध्ये आपल्याच कार्यक्रमात स्वतः जाहीर करून निवृत्ती घेतली, तेव्हा ‘घेतली’ लिहा. आणि ‘रोजच्या कार्यक्रमातून’ हे शब्द घाला, कारण जानेवारी 2018 मध्ये तो नेटफ्लिक्सवर परत आला, पहिले पाहुणे बराक ओबामा. तिथे टेबल नाही, बँड नाही, ताज्या बातम्यांवरचे विनोद नाहीत, दोन माणसं निवांत बोलत बसतात. त्या कार्यक्रमासाठी ‘मुलाखतकार’ खुशाल लिहा.