शॉक मॉडेल कुठलं निवडावं? (विश्वसनीयता + खगोलभौतिकी)

निरंक:
संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी शॉक मॉडेल, म्हणजे धक्के बसून वस्तू कधी बंद पडेल याचं गणित, हा विषय घेतलाय. व्होल्टेजच्या उसळ्यांनी बंद पडलेल्या सुट्या भागांची नोंद हाताशी आहे: प्रत्येक उसळीची वेळ, उंची आणि भाग कधी गेला ते. एक्स्ट्रीम, क्युम्युलेटिव्ह की डेल्टा? मार्गदर्शकांना खगोलभौतिकीवरही एक प्रकरण हवंय, ते मला ओढूनताणून वाटतं. जाणकारांनी कृपया सुचवा.

दोलक:
भाग कशाने मरतो ते आधी शोधा, गणित नंतर. एकाच मोठ्या धक्क्याने जात असेल तर एक्स्ट्रीम. धक्के प्वासाँ प्रक्रियेने (एकमेकांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक क्षणी) λ दराने येत असतील आणि प्रत्येक धक्का p संभाव्यतेने घातक असेल, तर आयुष्याचं वितरण λp दराचं घातांकी निघतं. म्हणजे जो भाग वाचला तो नव्यासारखाच. तुमच्याकडे जुने भाग लवकर जाताना दिसले तर हे मॉडेल सोडा, कितीही सोपं असलं तरी. इजा साठत जात असेल तर क्युम्युलेटिव्ह घ्या. तिथे आयुष्याच्या सुरुवातीपासूनचा सरासरी बिघाडदर वयाबरोबर कमी होत नाही. ईसारी, मार्शल आणि प्रोशन यांनी 1973 मध्ये हे सिद्ध केलं.

सांजतारा:
डेल्टा टाळू नका. आधीच्या उसळीची उष्णता निवायच्या आत दुसरी आली की भाग जातो, असं असेल तर उंचीपेक्षा दोन उसळ्यांमधलं अंतर महत्त्वाचं. बिघाडाआधीचं शेवटचं अंतर आणि बाकीची अंतरं एकाच आलेखावर काढा, लगेच कळेल. आणि दोन भाग एकाच क्षणी गेल्याच्या नोंदी असतील तर मार्शल-ऑल्किन मॉडेल (1967) बघाच. त्यात दोघांना एकदम बसणारा धक्का वेगळा धरलेला असतो.

निरंक:
धन्यवाद! अशा जोडीने गेलेल्या नोंदी आहेत. मी त्या चुका समजून काढणार होतो.

क्षितिज:
अजिबात काढू नका!
खगोलभौतिकीचं प्रकरण ओढूनताणून होणार नाही, फक्त योग्य जागा धरा. तिथे शॉक म्हणजे आघाततरंग. त्याच्या दोन्ही बाजूंचा वायू जोडणाऱ्या रँकिन-ह्युगोनिओ समीकरणांत वस्तुमान, संवेग आणि ऊर्जेची अक्षय्यता आहे, यदृच्छा नाही. तिथे तुमचं संख्याशास्त्र उपयोगी पडणार नाही. सुपरनोव्हाच्या (ताऱ्याच्या स्फोटाच्या) शॉकपाशी कण वेग कसा घेतात ते घ्या. मूळ कल्पना भौतिकशास्त्रज्ञ फर्मी यांची, 1949 ची. शॉकसाठीचं आजचं रूप 1977-78 मध्ये आलं. कण शॉक पुन्हापुन्हा ओलांडतो. प्रत्येक फेरीत त्याची ऊर्जा ठरावीक पटीने वाढते आणि प्रत्येक फेरीत तो कायमचा वाहून जाण्याची थोडी संभाव्यता असते. म्हणजे फेऱ्यांची संख्या भूमितीय वितरणाची, दोलक यांच्या घातक धक्क्यापर्यंतच्या मोजणीसारखीच! मात्र इथे ऊर्जा गुणली जाते, म्हणून शेवटी पॉवर लॉ मिळतो, म्हणजे कणांची संख्या ऊर्जेच्या ठरावीक घाताने घटते. एकाणू वायूतल्या प्रबळ शॉकमध्ये घनता 4 पट होते आणि अतिवेगवान कणांच्या ऊर्जा-वर्णपटाचा घातांक 2 येतो. सिम्युलेशन मोजक्या ओळींत होतं.

दोलक:
सुंदर. निरंक, मग दोन्ही प्रकरणांत भूमितीय वितरणाची सिद्धता एकदाच लिहा.

निरंक:
आधी अंतरांचा आलेख काढतो, मग इथेच टाकतो.