इनटेक मॅनिफोल्डचा तुटलेला बोल्ट कसा काढावा आणि नवे बोल्ट कोणते घ्यावेत?

लासलगावचा_ट्रकमालक
नमस्कार. माझ्या ट्रकला कमिन्स बी मालिकेचे ५.९ लिटरचे, सहा सिलिंडरचे, यांत्रिक पंपाचे जुने टर्बो इंजिन आहे. कांदा मुंबईला उतरवून परतीचा माल घेऊन कसारा घाट चढताना महिनाभरापासून गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. काल पाहिले तेव्हा इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या) झाकणाचा एक बोल्ट डोक्याखाली तुटलेला होता आणि त्याच्या शेजारचा नुसताच गरगर फिरत होता. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये हेडचे (सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागाचे) काम झाले, त्यानंतर तेथे कोणी हात लावलेला नाही. आमचे मिस्त्री म्हणतात की झाकण न काढता जागेवरच ड्रिल मारून तासाभरात काम होईल. तसे करू द्यावे का? आणि नवे बोल्ट ८.८ चे घ्यावेत, १२.९ चे (हे बोल्टाच्या मजबुतीचे दर्जे) की स्टेनलेसचे?

जुना_फिटर
जागेवर ड्रिल मारू देऊ नका. या इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड हेडच्या ओतकामातच असतो. आपण ज्याला मॅनिफोल्ड म्हणतो ते त्यावरचे झाकण आहे, आणि त्याच्या बोल्टांची भोके आरपार जाऊन थेट हवेच्या पोकळीत उघडतात. ड्रिलचा कीस आत पडला की तो व्हॉल्व्हवाटे सिलिंडरमध्ये जातो आणि सिलिंडरच्या भिंती व पिस्टन ओरबाडून टाकतो. झाकण काढायचे तर पंपाकडून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्या आधी उतरवाव्या लागतात आणि नंतर त्यांच्यातल्या डिझेलमधली हवा काढावी लागते, म्हणून पुष्कळ जण ते काम टाळतात. पण एका दिवसाची मजुरी आणि इंजिनाचे पूर्ण काम यांत तुलनाच होऊ शकत नाही.

झाकण निघाल्यावर पोकळीत एकच मोठे स्वच्छ फडके कोंबावे, लहान चिंध्या कोंबू नयेत, कारण एखादी आत राहिली तरी कळत नाही. तुटका तुकडा वर आलेला असेल तर रात्रभर गंजाचे तेल सोडून ग्रिप पक्कडीने मागेपुढे हलवत काढावा. तो पृष्ठभागाशी सपाट असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करावे. उष्णतेने गंजाची पकड सुटते आणि लाली उतरल्यावर नटाला पाना लावला की तुकडा बहुधा फिरतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या वायरी काढून ठेवाव्यात. तोही उपाय चालला नाही तर मधोमध पंच मारून आधी बारीक ड्रिल, मग उलटे फिरवून कापणारे (डाव्या हाताचे) ड्रिल वापरावे. इझी-आऊटवर (तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायच्या हत्यारावर) फार जोर देऊ नये, कारण तो कठीण पोलादाचा असतो आणि भोकात तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. शेवटी टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस लावून आटे साफ करावेत, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो.

आटे_आणि_पाने
गरगर फिरणाऱ्या बोल्टाबद्दल माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहितो. हेडचे आटे गेले असे लगेच गृहीत धरू नका. इंजेक्टरच्या नळ्यांचे क्लॅम्प ज्या बोल्टांवर बसतात ते इतरांपेक्षा लांब असतात, आणि जोडताना आखूड बोल्ट लांबाच्या जागी गेला तर दोन-तीन आट्यांवरच सगळा ताण येऊन ते उपटले जातात. तो बोल्ट शेजारच्याशी ताडून पाहा. आतले आटे शाबूत असतील तर योग्य लांबीचा बोल्ट पुरेसा आहे. नसतील तर एम-८ चे (८ मिलिमीटर बोल्टाचे) हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवावे. भोक मोठे करून एम-१० टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नका, कारण तेथे भोवतालचे ओतकाम पातळ उरते.

८.८ चे बोल्ट घ्यावेत. त्यांची ताणशक्ती ८०० मेगापास्कल असते, तर बाजारात सहज मिळणाऱ्या ए२-७० स्टेनलेसची ७०० असते. १२.९ ने काही साधत नाही, कारण जास्त आवळला की बोल्टाऐवजी ओतलोखंडाचे आटे जातात.

लासलगावचा_ट्रकमालक
मनापासून आभार. आवळण किती ठेवावी, आणि आट्यांना काही लावावे का?

जुना_फिटर
२४ न्यूटन-मीटर, म्हणजे २० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर सुमारे १२ किलोचा जोर. मधल्या बोल्टापासून बाहेरच्या बाजूस जात आधी १२ आणि मग २४ अशा दोन फेऱ्या कराव्यात. भोके आरपार असल्यामुळे आट्यांना लिक्विड टेफ्लॉन सीलंट लावावेच, अन्यथा टर्बोचा दाब आट्यांमधून निसटतो. नळ्यांचे सगळे क्लॅम्प रबरासह परत बसवा; क्लॅम्प नसेल तर नळी थरथरून तडकते आणि डिझेल मोठ्या दाबाने बाहेर फवारते.

लासलगावचा_ट्रकमालक
काम झाले, दोन दिवस लागले. तुटका तुकडा नट वेल्ड केल्यावर दुसऱ्या प्रयत्नात निघाला. गरगर फिरणारा बोल्ट शेजारच्यापेक्षा १० मिलिमीटर आखूड निघाला. आतले खोलवरचे आटे शाबूत होते, त्यामुळे हेलिकॉइलची गरज पडली नाही. फडके काळजीपूर्वक उचलले तेव्हा त्याच्या घडीत चिमूटभर चकाकणारा कीस होता, आणि तो पाहून अंगावर काटा आला. एका नळीवर क्लॅम्पच्या जागी घासल्याची खोलगट खूण दिसली, म्हणून ती नळीही बदलली. झाकणाच्या कडेने साबणाचे पाणी सोडून, दुसऱ्या माणसाला इंजिन रेस करायला लावून पाहिले; कोठेही बुडबुडा नाही. काल रात्री भरलेल्या गाडीने कसारा घाट चढलो. शिट्टी बंद आहे आणि काळा धूर फक्त गिअर बदलताना क्षणभर दिसतो.