आईच्या फाइलीत डोक्यावरच्या सहा गोळ्या, आधी कुठली कमी करायची?

अंत्रुजकन्या (फोंडा)

नमस्कार. आई 82 वर्षांची, स्मृतिभ्रंश मधल्या टप्प्यावर. बार्देसमधल्या एका वृद्धाश्रमात असते. पावसाळ्यात न्हाणीत पडली, चवथीनंतर परत पडली. हाड मोडलं नाही हे नशीब. सकाळी पेजेचा चमचा तोंडाशी नेला तरी डोळे मिटलेलेच. संध्याकाळ झाली की मात्र कपडे ओढते, "घरा वचूंया, घरा वचूंया" (घरी जाऊया) लावते.

फाइलवर असं आहे: झोपेची क्लोनाझेपाम 0.5 रात्री (कित्येक वर्षांपासून), मानसविकाराची क्वेटियापिन 25 सकाळ-रात्र, अॅमिट्रिप्टिलिन 10 आणि प्रेगाबालिन 75 रात्री (मागे नागीण झाली होती, त्या आगीसाठी), ट्रायहेक्सिफेनिडिल 2 दोनदा, आणि नैराश्याची एस्सिटालोप्राम 10, बाबा गेले तेव्हापासून. शिवाय बीपीची आणि पाणी उतरवायची गोळी.

मुंबईचा भाऊ म्हणतो, ही सगळी गुंगीची औषधं, आजच बंद करा. आश्रमाच्या मेट्रन म्हणतात, एक जरी काढली तरी रात्री ओरडतील आणि अख्खा हॉल जागा होईल. लिहिणारे डॉक्टर तीन वेगवेगळे. सुरुवात कुठून करायची असते?

जुना_फार्मासिस्ट

बाय, आधी भावाला आवरा. वर्षानुवर्षं चाललेलं क्लोनाझेपाम एका रात्रीत तोडलं तर फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो. त्यातही हे औषध अंगातून सावकाश उतरतं. पहिले एक-दोन दिवस सगळं छान दिसेल, भाऊ म्हणेल "बघ, काही झालं का?", आणि तो गाडीत बसला की तुमचे हाल सुरू.

त्याची काळजी मात्र खोटी नाही. म्हाताऱ्या माणसांनी कुठली औषधं टाळावीत याची अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीची बीअर्स यादी आहे. तिच्या 2023 च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की मेंदूवर काम करणारी तीन किंवा जास्त औषधं एकत्र देणं टाळा, माणूस पडतो आणि हाड मोडतं. नैराश्याच्या, मानसविकाराच्या, फिटच्या, झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, सगळी त्या मोजणीत येतात. प्रेगाबालिनसुद्धा. आईची पाच भरतात.

सहावी, ट्रायहेक्सिफेनिडिल, त्या मोजणीत नाही. तरी माझं बोट पहिलं तिच्यावरच. ही पार्किन्सनच्या कंपावरची गोळी, कुणी, कशासाठी लिहिली? आईला पार्किन्सन असल्याचं तुम्ही म्हटलेलं नाही. माझा अंदाज असा की आधी कधीतरी रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल असं मानसविकाराचं औषध चालू होतं, त्यानं हात थरथरायला लागले, चाल आखडली, म्हणून ही जोडली. पुढे ते औषध बदलून क्वेटियापिन आलं आणि ही तशीच राहिली. दर महिन्याला कुणीतरी "रिपीट ऑल" लिहितो. काउंटरमागे उभा राहून असे कागद मी ढिगानं पाहिलेत. जुनी फाइल काढून बघा.

आता तिच्यासोबत अॅमिट्रिप्टिलिन धरा. दोन्ही मेंदूतलं अॅसिटिलकोलिन हे आठवणीला लागणारं रसायन अडवतात, जे स्मृतिभ्रंशात आधीच कमी पडलेलं असतं. तोंड कोरडं, पोट तटलेलं, लघवी तुंबलेली, वर डोकं भरकटलेलं. आईला "पोट दुखतं" असं सांगता येत नसेल तर ती काय करणार? कपडे ओढणार. कपडे ओढते म्हणून क्वेटियापिन. असं औषधावर औषध चढतं. शेवटचं पोट कधी साफ झालं ते आज आश्रमात विचारा. सर्दीसाठी अव्हिल किंवा तसलं सिरप चालू असेल तर तेही त्याच माळेतलं.

डॉक्टरांशी बोलताना दोन गोष्टी धरून ठेवा. एका वेळी एकच औषध हलवायचं, नाहीतर बिघडलं तर कशानं ते कळत नाही. आणि "गरज संपलेली" आधी, "सवय लागलेली" नंतर. म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल, मग अॅमिट्रिप्टिलिन. तीही टप्प्यानंच. क्लोनाझेपामला घाई नको. 2025 मध्ये अमेरिकेत या गोळ्या उतरवण्याबद्दल जे मार्गदर्शन आलं, त्यात सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी 5 ते 10 टक्के आणि दोन आठवड्यांत 25 टक्क्यांहून जास्त कधीच नाही, असं आहे. ती मूळ फिटसाठी सुरू केली होती का, हे आधी पक्कं करा. तसं असेल तर गोष्टच वेगळी.

क्वेटियापिन शेवटी, पण विसरायचं नाही. स्मृतिभ्रंशातल्या वृद्धांमध्ये या जातीच्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, ही ठळक चौकटीतली सूचना अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, 2005 सालीच घातली. गुण आलेला असला तरी सुरू केल्यापासून चार महिन्यांच्या आत कमी करून बघावं, असं तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये सांगितलं.

तिघा डॉक्टरांत एक मुख्य ठरवा, ज्याच्यापुढे अख्खी फाइल असेल. नाहीतर बांबोळी आहेच, जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) आणि मानसोपचार इस्पितळ दोन्ही तिथंच. जाताना नुसती यादी नको, गोळ्यांच्या पट्ट्याच पिशवीत घालून न्या.

रातपाळी

मी अशाच एका आश्रमात रात्रीची सिस्टर आहे. मेट्रनना वाईट समजू नका. रात्री तीस माणसांना आम्ही दोघी असतो, ओरडणारा एक असला की बाकीचे उठतात. पण गोळी काढायच्या आधी रात्र कशी जाते ते तरी कुणी बघत नाही.

आईला जेवण किती वाजता देतात ते विचारा. आमच्याकडे साडेसहाला जेवण, साडेसातला दिवे बंद. अडीचला जागी झालेल्या बाईची सात तास झोप झालेली असते. तिला निद्रानाश म्हणून गोळी द्यायची? शिवाय पाणी उतरवायची गोळी दुपारनंतर देत असतील तर रात्री लघवीसाठी उठणारच, आणि गुंगीत उठली की पडणार. ती सकाळी द्यायला डॉक्टर सहसा नाही म्हणत नाहीत.

कमी करायला लागलात की वहीत रोज लिहायला सांगा: किती वाजता झोपली, जागी का झाली, पोट, लघवी, चालताना तोल. "रात्री त्रास दिला" असं नको. क्लोनाझेपाम उतरवताना काही रात्री वाईट जातात, ते ठरलेलं. ते आजार परत आल्याचं लक्षण मानून नवीन डॉक्टर नवीन गोळी लिहितो, तिथं सगळं फसतं. मात्र घाम, थरथर, अंगात कळ किंवा नसलेलं काही दिसायला लागलं तर थांबून आधीच्या डोसवर जायचं आणि डॉक्टरांना लगेच कळवायचं.

दुखणंही बघा. नागिणीची आग उरली असेल तर अॅमिट्रिप्टिलिन काढल्यावर ती वर येईल, आणि आई ती ओरडूनच सांगेल. चादर लागली तरी दचकते का ते बघायचं.

म्हापसेकर

वरचं सगळं पटलं, फक्त एक. माझ्या काकांना तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया. आश्रमात कुणीतरी "वयाला एवढं नको" म्हणून त्यांची गोळी अर्धी करायला निघालं होतं. यादी स्मृतिभ्रंशातल्या चिडचिडीसाठी वेगळी आणि जुन्या मोठ्या आजारासाठी वेगळी वाचायची असते. आणि पाहुण्यांवर लक्ष ठेवा. आमच्याकडे भाचे प्रेमानं बाटलीत थोडी फेणी आणत. झोपेच्या गोळीवर फेणी!

अंत्रुजकन्या (फोंडा)

सगळ्यांचे आभार. जुनी फाइल कपाटात सापडली. फार्मासिस्टकाका, रिस्पेरिडोनच होतं. बंद होऊन बराच काळ झालाय, बंद केल्याचा कागदही आहे. पोटाचं विचारलं तर सिस्टर वही चाळत राहिली, नोंदच नव्हती.

आमचे जवळचे डॉक्टर मुख्य व्हायला तयार झाले. ट्रायहेक्सिफेनिडिल आधी एक वेळ, मग बंद. पोट साफ व्हायचं औषध सुरू. पाण्याची गोळी सकाळी. सोडियम आणि किडनीची तपासणी सांगितली, एस्सिटालोप्राम आणि प्रेगाबालिनसाठी. पुढचं ते रिपोर्ट बघून ठरवणार. क्लोनाझेपामला शिगम्याआधी हात लावायचा नाही म्हणाले. भाऊ फोनवर गप्प बसला, म्हणजे मान्य असावं.

जुना_फार्मासिस्ट

उत्तम. आता आश्रमाला गोळ्या पुरवणाऱ्या फार्मसीत स्वतः जाऊन नवीन कागद द्या आणि जुना त्यांच्यासमोर फाडा. नाहीतर पुढच्या महिन्याच्या पुड्यात ट्रायहेक्सिफेनिडिल परत येईल.