सिन्स की फॉर? आणि 'पर्यंत'ला बाय की टिल?

'मी दोन तासांपासून वाट बघतोय' हे इंग्रजीत कसं म्हणायचं? सिन्स टू अवर्स की फॉर टू अवर्स? सिन्स म्हणजे 'पासून' असं पाठ केलंय, मग इथे का चालत नाही? आणि बाय, टिल दोन्हीचा अर्थ 'पर्यंत'च दिलेला असतो, तो फरक पण कुणीतरी सांगा ना.

---

फॉर टू अवर्स. आपला 'पासून' दोन्हीकडे चालतो, सोमवारपासून पण म्हणतो आणि चार दिवसांपासून पण, म्हणून गोंधळ होतो. कधी सुरू झालं ते सांगायचं असेल तर सिन्स, म्हणजे सिन्स मंडे, सिन्स २०१९, सिन्स चाइल्डहुड. किती वेळ झाला ते सांगायचं असेल तर फॉर, जसं फॉर फोर डेज, फॉर अ लाँग टाइम.

पण मला विचाराल तर खरी अडचण क्रियापदाची आहे, तिकडे कुणी लक्षच देत नाही. आपण 'बघतोय' म्हणतो, म्हणजे चालू वर्तमानकाळ, त्यामुळे तोंडातून आय ॲम वेटिंग फॉर टू अवर्स निघतं. आधी सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम असेल तर इंग्रजीत आय हॅव बीन वेटिंग फॉर टू अवर्स असंच म्हणावं लागतं. फॉर बरोबर आलं तरी हॅव बीन लावायचं राहून गेलं की वाक्य चुकलंच. आणि 'मी तिला शाळेपासून ओळखतो' मध्ये आयएनजी लावायचं नाही हं, आय हॅव नोन हर सिन्स स्कूल, कारण नो (know, ओळखणे) हे क्रियापद असं चालू रूपात सहसा येत नाही.

---

यात एक भर घालतो. फॉर इतर काळांतही येतो. आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स म्हटलं तर ती नोकरी संपली, आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स म्हटलं तर अजून तिथेच आहे. दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, इंटरव्ह्यूमध्ये हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

---

आता बाय आणि टिल. सोमवारपर्यंत थांब, यात थांबणं सोमवार येईपर्यंत चालूच राहणार म्हणून वेट टिल मंडे. सोमवारपर्यंत फॉर्म दे, यात देणं एकदाच होणार, फक्त उशिरात उशिरा सोमवारी, म्हणून गिव्ह मी द फॉर्म बाय मंडे. सोमवारी दिला तरी चालतो बरं का, बायमध्ये तो दिवस धरलेला असतो.

---

आणि जागेसाठी टिल नको. 'स्टेशनपर्यंत चालत गेलो' याचं आय वॉक्ड टू द स्टेशन करायचं, टिल स्टेशन नाही.

---

खूपच छान समजलं. मग 'मी सकाळपासून अभ्यास करतेय, पाचपर्यंत करणार आहे, सहापर्यंत घरी पोचेन' हे असं होईल ना: आय हॅव बीन स्टडीइंग सिन्स मॉर्निंग, आय विल स्टडी टिल फाइव्ह, आय विल रीच होम बाय सिक्स?

---

हो, अगदी बरोबर. फक्त आजच्या सकाळसाठी सिन्स धिस मॉर्निंग म्हणा.