भावाचे गृहकर्ज थकले. आईच्या संयुक्त खात्यावर बँकेने लीन (देण्यापोटी रक्कम अडकवून ठेवण्याचा हक्क) लावला आहे – मदत हवी आहे

माझ्या मोठ्या भावाने डोंबिवलीतील सदनिकेसाठी घेतलेले गृहकर्ज, त्याची नोकरी गेल्यानंतर सलग ९० दिवसांहून अधिक काळ हप्ते न भरल्याने, अनुत्पादक ठरले असून सरफेसी कायद्याच्या (बँकेला न्यायालयात न जाता तारणातून थकीत कर्ज वसूल करू देणारा कायदा) कलम १३(२) ची नोटीस आली आहे. कर्ज फेडण्यासाठी दिलेल्या ६० दिवसांपैकी २३ दिवस गेले. घराबाबत मला फारसे विचारायचे नाही. दादाने गिऱ्हाईक पाहिले आहे, आणि नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय सदनिका विकता येत नाही हे कळल्यावर त्याने तसा अर्जही दिला आहे.

माझा प्रश्न आईच्या पैशांचा आहे. त्याच बँकेत आई आणि दादा यांचे 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीचे, म्हणजे दोघांपैकी कोणालाही एकट्याच्या सहीने चालवता येणारे, बचत खाते आहे. आईचे गुडघे धरल्यापासून बँकेची कामे दादा करतो, एवढ्याचसाठी त्याचे नाव घातले होते. वडील पाटबंधारे खात्यात होते; आईचे कुटुंब निवृत्तीवेतन दुसऱ्या बँकेत जमा होते आणि तिथून ती दरमहा काही रक्कम या खात्यात वळवते. दादाने त्यात एक रुपयाही भरलेला नाही, हे पासबुकावरून नोंद न् नोंद दाखवता येते. कर्जाला आई सहकर्जदारही नाही आणि जामीनदारही नाही. मंजुरीपत्र मी स्वतः वाचले आहे.

गेल्या सोमवारी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी दिलेला तिचा धनादेश परत आला. खात्यात २,८४,००० रुपये, पण 'उपलब्ध शिल्लक' शून्य. शाखेत विचारले, तर खाते उघडण्याच्या अर्जाच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षरातले कलम दाखवण्यात आले: कोणत्याही एका खातेदाराच्या देण्यापोटी बँक संयुक्त खात्यातील रक्कम वळती करू शकेल. खाली आईची सही आहे. तिने चष्मा न लावता केली असणार, पण ते काही उत्तर होत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे कर्ज आणि ठेव एकाच व्यक्तीची, एकाच नात्याने असेल तरच अशी वळती करता येते. आयकर कायदा, १९६१ च्या कलम २२६(३) ने आयकर खात्याला संयुक्त खात्यापर्यंत पोहोचता येत असे, पण तिथेही उलट सिद्ध होईपर्यंत खातेदारांचे वाटे समान धरले जात. इथे तर संपूर्ण रक्कमच अडकवली आहे. शिवाय सरकारी निवृत्तीवेतनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे जप्तीपासून संरक्षण आहे, आणि अशा पैशांची मुदत ठेव केली तरी ते टिकते असा सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा निर्णय आहे. मात्र तो निर्णय न्यायालयीन जप्तीविषयीचा होता, आणि इथे न्यायालयाचा आदेशच नाही. बँकेने स्वतःच्या अधिकारात लीन लावला आहे.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे, की छापील अर्जातील त्या कलमाने आई खरोखर बांधली जाते का, आणि निवृत्तीवेतनाचे संरक्षण बँकेच्या अशा कारवाईविरुद्धही मागता येते का? दाद कुठे मागावी, हेही ठरत नाही. कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे सरफेसीच्या कलम १७ खाली जायचे तर ते कलम १३(४) च्या, म्हणजे ताब्याच्या कारवाईविरुद्ध आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाण्याआधी बँकेच्या उत्तरासाठी ३० दिवस थांबावे लागते. शाखेला लेखी तक्रार काल दिली असून पोच घेतली आहे. दरम्यान केवळ शस्त्रक्रियेपुरती रक्कम सोडवून घेण्याचा मार्ग कोणी अनुभवला असल्यास कृपया अर्जाच्या मजकुरासह कळवावे. शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या गुरुवारची आहे.